रॉचेस्टरचा हिशेब: 'जेन एअर'च्या नायकाला माफी नेमकी कशाच्या बदल्यात मिळते?

शेवंता (धागाकर्ती)

शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' या कादंबरीचा नायक, एडवर्ड फेअरफॅक्स रॉचेस्टर. १८४७ पासून लोक या माणसाच्या प्रेमात पडत आलेत आणि मला मात्र त्याचा मनस्वी संताप येतो.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: अनाथ जेन ही रॉचेस्टरच्या थॉर्नफील्ड या घरी त्याच्या आश्रयातल्या मुलीची पगारी शिक्षिका. त्याची पहिली, वेडी बायको बर्था त्याच घरात ग्रेस पूल या नोकराणीच्या पहाऱ्यात कोंडलेली, आणि हे लपवून तो जेनशी लग्न करायला निघतो. लग्न चर्चमध्येच मोडतं, जेन निघून जाते; पुढे घराला लागलेल्या आगीत बर्था मरते, त्याचा हात आणि डोळे जातात, आणि शेवटी जेन परत येऊन त्याच्याशी लग्न करते.

आता राग कशाचा, ते आधी नीट सांगते. तो दिसायला बरा नाही, तिरसट आहे, दिवाणखान्यात बसून हुकूम सोडतो, जेनपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठा आहे, हे सगळं एक वेळ चालवून घेऊ. पहिली बायको वेडी निघाली यातही त्याचा दोष नाही. राग आहे तो त्याच्या खोटं बोलण्याच्या कसबाचा. एकदा खोटं बोलला आणि मग तेच निभावत बसला, असं होत नाही. तो दर खेपेला नवं, समोरच्याच्या मापाचं खोटं शिवून आणतो. प्रकरणांचे आकडे देते, पडताळून बघा.

प्र. १५: रात्री त्याच्या बिछान्याला आग लागते, जेन पाणी ओतून त्याला वाचवते. हसण्याचा आवाज ग्रेस पूलचा होता का, असं तिच्याच तोंडून वदवून घेऊन तो म्हणतो, बरोबर ओळखलंस. पुढचे कितीतरी आठवडे ही मुलगी एका निर्दोष नोकराणीला जाळपोळ करणारी समजते.

प्र. १७ ते १९: घरात पाहुणे, ब्लांश इन्ग्रॅमशी लग्न ठरल्यातच जमा असल्यासारखं वागणं, वर जिप्सी म्हातारीचं सोंग काढून जेनच्या मनातलं काढून घ्यायची धडपड. हे सगळं तिला मत्सर वाटावा म्हणून होतं, हे तो प्र. २४ मध्ये स्वतःच कबूल करतो. ब्लांशला काय वाटलं असेल, हे जेन त्याला विचारते. तो विचार त्याच्या डोक्यातसुद्धा आलेला नसतो.

प्र. २०: बर्थाचा भाऊ रिचर्ड मेसन चावून, भोसकून रक्तबंबाळ. जेनला रात्रभर त्याच्या उशाशी बसवतो, दोघांनी एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही या अटीवर.

प्र. २३: तुझ्यासाठी आयर्लंडमध्ये नोकरी बघितली आहे, पाच मुलींना शिकवायचं, असं सांगून तिला रडवतो. ती पुरती कोसळली की मग लग्नाची मागणी.

आणि प्र. २५. लग्न तोंडावर आलंय, कुणी बाई जेनच्या खोलीत शिरून तिचा लग्नाचा बुरखा टरकावून गेली. उत्तर काय? अर्धं स्वप्न, अर्धी ग्रेस पूल. खरं काय ते लग्नाला एक वर्ष आणि एक दिवस झाला की सांगेन. माझं डोकं फिरतं ते इथे. घाबरलेल्या, गोंधळलेल्या माणसाला तारीख ठरवता येत नाही. हा ठरवतो. परतीची वाट पूर्ण बंद झाल्यावरची तारीख आहे ती.

तर प्रश्न असा: लेखिका त्याला शेवटी घरसंसार, मुलगा, एका डोळ्याची दृष्टी असं सगळं देते ते कशाच्या बदल्यात? हात गेला, डोळे गेले म्हणून? मार बसला की खातं कोरं, असं असेल तर मला ते मान्य नाही.

ठोकळा

आंधळा नवरा, ओसाड घर, सासू नाही. यापेक्षा सुखान्त म्हणजे आणखी काय हवंय तुम्हाला? (पळतो.)

पानगळ

यादी अचूक आहे, शेवंताताई. पण खोटं बोलणारे सहसा स्वतःला धुतल्या तांदळासारखे दाखवतात, हा तसं करत नाही. प्र. १४ पुन्हा बघा. जेमतेम तिसरी भेट. एकविसाव्या वर्षी आपण चुकीच्या वाटेला लागलो, हे तो तिथेच सांगून टाकतो. पुढे म्हणतो की सुख नाकारलं गेलंय, तर मौज मिळवण्याचा मला हक्क आहे, किंमत काहीही पडो. जेनचं उत्तर एका ओळीचं: मग आणखी घसराल. त्यावर तो चक्क कायदा पास करतो, माझा हेतू आणि माझी कारणं दोन्ही योग्य आहेत असा. आणि अठरा वर्षांची, तीस पौंड पगाराची मुलगी म्हणते, ज्या गोष्टीला योग्य ठरवायला नवा कायदा करावा लागतो ती योग्य नसणारच.

प्र. २० च्या शेवटी पुन्हा तेच. बागेत बसून तो एका काल्पनिक माणसाची गोष्ट सांगतो. परदेशात मोठी चूक करून बसलेल्या अशा माणसाने नवं आयुष्य मिळवण्यासाठी रूढी ओलांडली तर चालेल का? जेन सांगते, पाप्याने सुधारण्यासाठी दुसऱ्या माणसावर टेकू नये.

म्हणजे तो दोनदा परवानगी मागतो, दोनदा ती नाकारली जाते, आणि तिसऱ्यांदा तो न विचारताच उरकायला बघतो. खोटं हे लक्षण झालं. मूळ दुखणं हे की हा माणूस स्वतःच आरोपी, स्वतःच वकील आणि स्वतःच न्यायाधीश आहे. बड्या घरात वाढलेल्या, कुणी कधी अडवलं नाही अशा माणसाचं दुखणं.

रोजकीर्द

धागा वाचून राहवेना. शेवंताताईंनी 'कशाच्या बदल्यात' असा शब्द वापरलाय, तर सरळ जमाखर्चच मांडू. ही कादंबरी प्रेमकथा म्हणून वाचली जाते, पण तिच्यात पौंडांचे आकडे इतके नेमके आहेत की त्यांच्याकडे दुर्लक्ष करून रॉचेस्टरचा न्याय होत नाही.

लोवुडच्या शाळेत शिक्षिका म्हणून जेनला वर्षाला १५ पौंड. थॉर्नफील्डला ३०. दुप्पट झाले म्हणून ती खूश. प्र. २१ मध्ये मामी मरणाला टेकली म्हणून तिला रजा हवी असते. तोवर दोन तिमाह्या भरल्यात, म्हणजे १५ पौंड देणं. रॉचेस्टर ५० ची नोट पुढे करतो. ती म्हणते, माझ्याकडे सुटे नाहीत. मग त्याच्या लक्षात येतं की ५० हातात आले तर ही तीन महिने फिरकायची नाही. नोट परत खिशात, आणि तिच्या हातावर १०. ती तिथल्या तिथे सांगते, पाच बाकी राहिले. तो म्हणतो, घ्यायला परत ये, तुझे चाळीस माझ्याकडे ठेव म्हणून आहेत. हा प्रसंग सगळे लाडिक म्हणून वाचतात. आहेही तो लाडिक. पण पगार अडवून माणूस बांधून ठेवणं याला आपल्याकडे काय म्हणतात ते शेतमजुराला विचारा.

प्र. २४, मागणीनंतरचा महिना. मिलकोटच्या दुकानात तो सहा रेशमी पोशाख घेणार असतो, ती भांडून दोनावर आणते. तो जांभळं झगझगीत रेशीम आणि गुलाबी साटिन निवडतो, ती काळं साटिन आणि मोतिया करडं रेशीम घेते. तो जितकं विकत घेतो तितकी तिला आपली किंमत उतरल्यासारखी वाटते, हे तिने स्पष्ट लिहिलंय. लग्नापर्यंत मी शिकवणीच करणार, ३० पौंड आणि जेवणखाण, कपडे माझ्या पैशांतून, अशी अट घालते.

आता खरी गंमत. त्याच दिवशी बाजारातून येताना तिला आठवतं की मदिरा बेटावर एक काका आहे, त्याने पूर्वी चौकशी केली होती. आपलं म्हणून थोडं काही असेल तर या माणसाच्या पैशांवर राहणं सुसह्य होईल, या एकाच विचाराने ती काकाला पत्र टाकते: मी जिवंत आहे आणि अमुक माणसाशी लग्न करते आहे. पत्र पोहोचतं तेव्हा जमैकाला परत निघालेला रिचर्ड मेसन तब्येतीसाठी मदिरेत थांबलेला असतो, तोही याच काकाकडे. काका स्वतः आजारी, तो मेसनला उलट पावली पाठवतो. लग्नाला हरकत घ्यायला चर्चमध्ये ब्रिग्ज वकील उभा राहतो तो या साखळीतून.

थोडक्यात, हे लग्न दैवाने मोडलं नाही, योगायोगाने तर नाहीच नाही. 'मला माझे पैसे हवेत' या पत्राने ते मोडलं. जेनने स्वतःच्या हाताने, नकळत.

पुढचे आकडे भराभर: थॉर्नफील्ड सोडताना जवळ २० शिलिंग, म्हणजे एक पौंड. तो पूर्ण टांगेवाल्याला. पुडकं गाडीतच राहिलं. तीन दिवस उपास, डुकरासाठी टाकायला नेलेली गार लापशी मागून खाल्ली. मग मॉर्टन गावची शाळा, पगार ३० पौंड. आकडा तोच! फक्त इथे कुणी तिला दिवाणखान्यात बोलावून घेत नाही. आणि प्र. ३३ मध्ये काकाचे २०,००० पौंड. ते ती स्वतः आणि तिला आसरा देणारी, मग आतेभावंडंच निघालेली मूर हाउसची तिघं (सेंट जॉन रिव्हर्स आणि त्याच्या दोन बहिणी) अशा चौघांत समान वाटते, वाट्याला ५,०००. सरकारी रोख्यांवर तेव्हाच्या तीन टक्क्यांनी धरा, वर्षाला १५०. जुन्या पगाराच्या पाचपट, तेही कुणाची चाकरी न करता.

आता शेवंताताईंच्या प्रश्नाकडे. जेन परत निघते तेव्हा रॉचेस्टर आंधळा झालाय हे तिला माहीत नसतं. बायको मेली हेही माहीत नसतं. घर जळल्याचं तिला समोर भग्न भिंती दिसल्यावर कळतं, बाकीचं सगळं प्र. ३६ मध्ये खानावळवाल्याकडून. त्याला शिक्षा झाली म्हणून ती परत गेली, असं मुळात घटनांच्या क्रमातच बसत नाही. बदलली आहे ती तिची बाजू: १५० चं उत्पन्न, दोन बहिणी, एक भाऊ, आणि 'नाही' म्हटल्यावर आपण मरत नाही हा अनुभव.

कायद्याचं_बोला

रोजकीर्दराव, मांडणी झकास, पण एक जोडनोंद करा. तुमच्या त्या ५,००० पौंडांचं लग्नाच्या दिवशी काय होतं? तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात विवाहितेची रोकड, रोखे, सगळी जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे, आधी विश्वस्तांमार्फत वेगळा करार केलेला नसेल तर. कादंबरीत अशा कराराचा उल्लेख नाही. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क देणारा कायदा १८८२ चा. म्हणजे शेवटच्या प्रकरणात जेन कायद्याने पुन्हा शून्यावर.

आता घटस्फोट का नाही, हे पुष्कळांना कळत नाही म्हणून. १८५७ चा कायदा येईपर्यंत पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट फक्त संसदेच्या खास कायद्याने मिळे. त्यासाठी बायकोचा व्यभिचार सिद्ध करायचा आणि अफाट खर्च करायचा. रॉचेस्टर बर्थावर तोही आरोप करतो, पण पुढे स्वतःच सांगतो की डॉक्टरांनी तिला वेडी ठरवल्यावर तो मार्ग बंद झाला. लग्नाच्या क्षणीच ती वेडी होती असं सिद्ध झालं असतं तर लग्न मुळातच रद्दबातल ठरलं असतं. नंतर लागलेलं वेड चालत नसे. वेड हे घटस्फोटाचं कारण म्हणून इंग्लंडमध्ये मान्य व्हायला १९३७ उजाडलं.

तेव्हा मार्ग नव्हता हे खरं. पण मार्ग नसणं आणि पाद्र्यासमोर उभं राहून 'अडथळा नाही' असं भासवणं यांत फरक आहे. दुसरं म्हणजे या गुन्ह्यात फसतो कोण? तो पुरुष, पैसेवाला, देश सोडून जाऊ शकतो. चार वर्षांनी भांडं फुटलं असतं तर जेन 'ठेवलेली' ठरली असती आणि मुलं अनौरस.

अवांतर: कुणाला ही गोष्ट जुन्या महाराष्ट्रात बसवायची असेल तर जपून. मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्याची कायद्याने बंदी झाली ती १९४६ मध्ये. त्याआधीच्या काळात कथानक ठेवलंत तर भर मांडवात वकील उठून बोलणार काय? 'हे आधीच विवाहित आहेत'? भटजी म्हणतील, बरं मग? गाठच सुटते सगळी. तिथे पाप लपवण्याचं उरतं, लग्नाचं नाही.

शेवंता

कायदा मान्य. आणि ही अवांतर टीप फारच आवडली, कारण माझा मुद्दा नेमका तोच आहे. दुसरं लग्न बाजूला ठेवा, लपवणं तेवढं घ्या. त्याची स्वतःची तक्रार काय आहे प्र. २७ मध्ये? बापाने आणि थोरल्या भावाने ३०,००० पौंडांसाठी मला जमैकाला पाठवलं. मुलीची आई वेड्यांच्या इस्पितळात आहे हे लपवलं. धाकटा भाऊ मतिमंद, तेही लपवलं. वयसुद्धा खोटं सांगितलं, ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी निघाली. लग्नाआधी सत्य दडवून माझं आयुष्य नासवलं, हा त्याचा आयुष्यभराचा टाहो. आणि तोच माणूस, तोच प्रकार, एका अनाथ मुलीशी करायला निघतो. त्याला स्वतःला हे साम्य दिसतच नाही!

तिसरा_मजला

माझ्या नावावरून कळलं असेल मी कुणाच्या बाजूने बोलणार.

आधी एक बारीक दुरुस्ती. 'माळ्यावरची वेडी' हा शब्द रूढ झाला तो गिल्बर्ट आणि गुबार या दोन अभ्यासकांच्या १९७९ च्या ग्रंथाच्या नावामुळे. मूळ कादंबरीत बर्था माळ्यावर नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या आतल्या, खिडकी नसलेल्या खोलीत आहे. माळा त्याच्याही वर.

या धाग्यात आतापर्यंत बर्था 'अडथळा' म्हणूनच आली. कायद्याचा अडथळा, कथानकाचा अडथळा. रॉचेस्टरही तिच्याबद्दल असंच बोलतो. जेन मात्र प्र. २७ मध्ये त्याला भर रडण्यात थांबवते: तुम्ही तिच्याबद्दल द्वेषाने बोलता, हे क्रूर आहे, वेड लागलं यात तिचा काय दोष. जेन निघून जाते त्याचं मोठं कारण मला इथे दिसतं. त्याच रात्री तो आपल्या तीन जुन्या प्रेमपात्रांचा हिशेब देतो: सेलीन फ्रेंच, जाचिंता इटालियन, क्लारा जर्मन. शेवटी म्हणतो की ठेवलेली बाई बाळगणं म्हणजे गुलाम विकत घेण्याच्या खालोखाल, त्यांच्या आठवणीचीही आता किळस येते. आणि त्याच बैठकीत, थोडं आधी, जेनला दक्षिण फ्रान्समधल्या पांढऱ्या बंगल्यात चल म्हणून झालेलं असतं. ती मनातल्या मनात ताळा करते: मी गेले तर यादीत चौथी, आणि काही वर्षांनी माझ्याबद्दल हाच सूर. गणित अगदी बरोबर आहे तिचं.

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायलाच हवी. फर्नडीन नावाचं त्याचं दुसरं, आणखी आडबाजूचं घर जंगलात होतं. बर्थाला तिथे ठेवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. ती जागा दमट, प्रकृतीला वाईट, ती तिथे लवकर मरेल, म्हणून ठेवलं नाही, असं तो सांगतो. आगीतही तो आधी नोकरांना बाहेर काढतो, मग तिच्यासाठी छतावर जातो. हात आणि डोळे जातात ते त्यात. आणि शेवटी राहायला जातो कुठे, तर त्याच दमट फर्नडीनला. लेखिकेने हे उगाच केलेलं नाही.

पण शार्लट ब्राँटेला स्वतःला बर्थाबद्दल टोचणी होती. जानेवारी १८४८ च्या एका पत्रात तिने मान्य केलंय की अशा अवस्थेकडे पाहून करुणाच वाटायला हवी होती, आपल्याकडून भयावर नको इतका जोर पडला. जीन रीसने १९६६ मध्ये 'वाइड सारगॅसो सी' लिहून बर्थाला तिचं बालपण, तिचं बेट आणि अँत्वानेत हे नाव दिलं. तिथला नवरा इंग्लंडहून येतो, हुंडा घेतो, तिचं नाव बदलून बर्था करतो. आणि लेखिका त्या नवऱ्याला अख्ख्या पुस्तकात नावच देत नाही! फिट्टंफाट.

रोजकीर्दांना एक प्रश्न. तुमच्या जमेच्या बाजूचे ते २०,००० आले कुठून? मदिरेचा दारूचा व्यापारी काका, त्याची जमैकाच्या मेसन पेढीशी देवघेव. बर्थाचा हुंडा आणि जेनचा वारसा एकाच समुद्रावरून आलेत. जमैकातली संपत्ती तेव्हा ऊस आणि गुलाम यांवर उभी होती, हे वेगळं सांगायला नको.

ठोकळा

बायको सांभाळायला ग्रेस पूलला वर्षाला २०० द्यायची तयारी (प्र. २७), पोरीला शिकवायला ३०. शिक्षकांचे पगार हा प्रश्न किती जुना आहे बघा.

रोजकीर्द

@तिसरा_मजला, निरुत्तर. नोंद खर्चाच्या बाजूला घेतली. जेन समान वाटणी करते ती फक्त आते-मामे नात्यात. ज्यांच्या घामातून ते आले त्यांचा वाटा कुठल्याच वहीत नाही.

@कायद्याचं_बोला, ५,००० नवऱ्याचे झाले हे कबूल, पण उरलेले १५,००० तिने लग्नाआधीच भावंडांच्या नावे कायदेशीर करून टाकलेत, तिथे नवऱ्याचा हात पोहोचत नाही. उद्या पुन्हा पळायची वेळ आली तर या खेपेला डुकराची लापशी खावी लागणार नाही, मूर हाउसचं दार उघडं आहे. आणि ज्याला कागद वाचता येत नाही असा नवरा बायकोच्या पैशावर कायद्याने कितीही मालक असला, तरी पत्र वाचणार कोण आणि हिशेब लिहिणार कोण?

पटकथा

हल्ली मराठीत ऑनलाइन मालिका-कादंबऱ्या लिहिणारे पुष्कळ जण 'उद्धट श्रीमंत नायक' लिहितात आणि तो फसतो. का फसतो, ते याच पुस्तकावरून दाखवता येतं.

मापं बघा. एकूण ३८ प्रकरणं. नायक प्रवेश करतो १२ व्यात, तोही घोड्यावरून बर्फात घसरून पडत. २७ नंतर गायब. २८ ते ३६, तब्बल नऊ प्रकरणं तो पडद्यावर नाही. शेवटची दोन पुन्हा त्याची. म्हणजे निम्म्याहून अधिक पुस्तक नायकाविना चालतं. नक्कल करणारे पहिली चूक इथे करतात: वाचकांना नायक हवा म्हणून विरहाची नऊ प्रकरणं एका भागात आटपतात. कथेत तो काळ सुमारे दहा महिन्यांचा आहे, जुलै अखेर ते जूनची सुरुवात, आणि त्या दहा महिन्यांत नायिकेकडे करायला स्वतःची कामं आहेत. ती झुरते, पण शाळाही चालवते.

दुसरी चूक जखमेची. नायकाचं दुःखी पूर्वायुष्य पहिल्या पाच भागांत सांगून टाकतात. त्यामुळे तो काहीही वागला तरी वाचकाच्या हातात सबब तयार. इथे जमैकाची हकीकत येते प्र. २७ मध्ये, तो पकडला गेल्यानंतर. आधी वाचकाने त्याला दोषी ठरवलेलं असतं, मग साक्ष ऐकायची. हीच हकीकत प्र. १४ मध्ये आली असती तर जेनचं निघून जाणं निष्ठुर वाटलं असतं. साक्षीची जागा बदलली की निकाल बदलतो.

तिसरं, दोष नसलेला माणूस शेजारी हवा. सेंट जॉन रिव्हर्स देखणा, सच्छील, कधी खोटं न बोलणारा, आणि प्रेमाशिवाय लग्न मागणारा. त्याला हिंदुस्थानात मिशनच्या कामाला मदतनीस हवी. जेन म्हणते, बहीण म्हणून येते. तो म्हणतो, नाही, बायको म्हणूनच. रॉचेस्टर तिला फसवतो, सेंट जॉन एकदाही फसवत नाही, आणि तरीही जीव गुदमरतो तो सेंट जॉनच्या सहवासात. हा काटा काढून टाकलात की रॉचेस्टर नुसता गुन्हेगार उरतो.

चित्रपटवाल्यांनी तेच केलं. ऑर्सन वेल्स आणि जोन फाँटेनच्या १९४३ च्या चित्रपटात सेंट जॉन आणि त्याच्या बहिणींचं सगळं प्रकरण गाळलं. त्याबरोबर वारसाही गेला. मग जेन परत येते ती दुरून कानावर आलेल्या त्याच्या नुसत्या हाकेवर, गेली तशीच रिकाम्या हाताने, आणि रोजकीर्दांचा सगळा जमाखर्च बोंबलतो. आपल्याकडे १९५२ चा 'संगदिल' याच कथेवरचा. दिलीपकुमार आणि मधुबाला त्यात लहानपणापासूनचे सोबती दाखवलेत. बालपणीची ओळख घातली की मालक आणि पगारी शिक्षिका हा ताण सैल पडतो, आणि मूळ गोष्टीचा पीळ तर त्यातच आहे.

आणि संवाद. जेन 'सर' म्हणणं सोडत नाही, अगदी शेवटपर्यंत. पण त्या 'सर'चा अर्थ बदलत जातो. मराठीत लिहिताना 'अहो'वर हीच कसरत करता येते, बघा जमलं तर. प्रेम जमल्या दिवसापासून 'अरे' केलंत तर ती शिडीच काढून घेतल्यासारखी होईल.

मोडीवाचक

सेंट जॉन आणि हिंदुस्थान आलेच आहेत तर एक तुकडा माझाही. प्र. २४ मध्ये रॉचेस्टर पियानोवर एक गाणं म्हणतो, माझी प्रिया माझ्याबरोबर जगेल आणि माझ्याबरोबर मरेल अशा आशयाचं. जेन ताडकन विचारते, मरेल म्हणजे काय? वेळ आली की मरण्याचा मलाही तुमच्याइतकाच हक्क आहे, पण मी ती वेळ येईपर्यंत थांबेन, सती जाणार नाही. 'सती' हाच शब्द आहे मूळ इंग्रजीत. बंगालमध्ये सतीबंदी १८२९ ची, मुंबई इलाख्यात १८३० ची, तेव्हा १८४७ च्या इंग्लिश वाचकाला शब्द ओळखीचा होता. त्याच प्रकरणात तो तिची तुलना तुर्की जनानखान्याशी करतो, तर ती म्हणते, मी मिशनरी होऊन तुमच्या जनानखान्यात बंड घडवून आणेन.

गंमत अशी की इतक्या पूर्वेकडच्या उपमा वापरून स्वतःचं स्वातंत्र्य राखणारी ही बाई पुढे सेंट जॉनच्या सांगण्यावरून मुकाट्याने हिंदुस्थानी भाषा शिकायला बसते. रॉचेस्टरला जे जमलं नाही ते त्या गोऱ्यापान पाद्र्याने करून घेतलं. फर्नडीनला रॉचेस्टर या शिकवणीचीच उलटतपासणी जास्त घेतो. तो शिकवत होता? किती वेळ? तू का शिकलीस?

पानगळ

आणि इथे जेन त्याला मुद्दाम जळू देते, हे लक्षात आलं का कुणाच्या? ब्लांशच्या वेळी जे त्याने केलं त्याचा थोडासा परतावा. त्याची उदासी मोडण्यासाठी, असं तिचं म्हणणं. असेलही.

शेवंता

बऱ्याच गोष्टींवर मत बदललं, सगळ्यांचे आभार. परत येण्याचा आणि शिक्षेचा संबंध नाही हा रोजकीर्दांचा मुद्दा बिनतोड आहे, क्रम माझ्या ध्यानातच आला नव्हता. पटकथांचा साक्षीच्या जागेचा मुद्दाही.

एक गोष्ट मात्र सोडणार नाही. प्र. ३७ मधला पश्चात्ताप मी आता पुन्हा ओळीने वाचला. मी चुकलो, निष्पाप फुलाला डाग लावायला निघालो होतो, देवाने मला नमवलं, असं सगळं तो म्हणतो. त्यात जेन आहे, देव आहे, तो स्वतः तर आहेच आहे. बर्थाबद्दल पश्चात्तापाचा अर्धा शब्द नाही. ब्लांशबद्दल नाही. जेनने त्याला माफ केलं तो तिचा अधिकार. बाकीच्या दोघींच्या वतीने माफी द्यायला तिला कुणी नेमलेलं नाही, आणि मलाही.

रोजकीर्द

मान्य. फक्त त्या प्रकरणातल्या दोन नोंदी बघा. ती पोहोचताच सांगते, मी आता श्रीमंत आहे आणि माझी मीच मालकीण. तुम्ही ठेवून घेतलं नाहीत तर तुमच्या दाराला लागून स्वतःचं घर बांधीन, संध्याकाळी गप्पा मारायला या. दुसरी नोंद: ती वेळ बघायला त्याचं घड्याळ मागते आणि तो ते कायमचं तिलाच देऊन टाकतो, मला आता याचा उपयोग नाही म्हणून. वर्ष आणि एक दिवस मोजणारं घड्याळ ते.

ठोकळा

आणि ते पाच पौंड?

रोजकीर्द

अजून बाकी. मी तीनदा शोधले, पुढे कुठे जमा दिसले नाहीत.